नाव, तखल्लुस आणि मुखपृष्ठ : इब्ने सफी यांच्या लेखनाचा इतिहास

भारतीय भाषांमध्ये टोपणनावाच्या दोन परंपरा शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. पहिली कवीची. संत आपल्या अभंगात नाममुद्रा ठेवतो, उर्दू शायर गझलेच्या अखेरच्या शेरात आपला तखल्लुस गुंफतो. तेथे नाव घेतले जाते ते ओळख पटावी म्हणून. दुसरी परंपरा छापखान्याबरोबर आली. स्वस्त, नियतकालिक स्वरूपाच्या कादंबऱ्यांच्या व्यवसायात नाव हे मुखपृष्ठावरचे बोधचिन्ह बनले. चंद्रकांत सखाराम चव्हाण यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, पण झुंजार आणि काळापहाड यांचा जनक म्हणून मराठी वाचक ओळखतो तो ‘बाबूराव अर्नाळकर’ यांना. या दोन्ही परंपरा ज्या एका लेखकाच्या आयुष्यात एकमेकींना भिडल्या, तो म्हणजे उर्दूतील असरार अहमद. कवी म्हणून घेतलेले त्याचे नाव मागे पडले, आणि व्यवसायासाठी घेतलेले नाव दोन देशांत व दोन लिप्यांत पसरून अखेरीस त्याच्याही ताब्यात राहिले नाही.

असरार अहमद यांचा जन्म १९२८ साली अलाहाबाद जिल्ह्यातील नारा या गावी झाला. हे गाव आज कौशांबी जिल्ह्यात मोडते. कविता लिहू लागल्यावर त्यांनी ‘असरार नारवी’ हे नाव धारण केले. उर्दू कवींच्या रिवाजाप्रमाणे त्यात गावाचा उल्लेख आला. विनोदी व उपरोधिक लेखनासाठी त्यांनी ‘तुगरल फरगान’ हे मध्य आशियाई सुलतानाच्या थाटाचे भारदस्त नाव घेतले, आणि ‘सनकी सोल्जर’ हे अर्धे हिंदी, अर्धे इंग्रजी असे खोडकर नावही वापरले. रहस्यकादंबऱ्यांसाठी मात्र त्यांनी वडिलांचे नाव पुढे केले. वडील सफीउल्लाह, म्हणून ‘इब्ने सफी’, म्हणजे सफीचा पुत्र. वडील १९४७ मध्येच कराचीला गेले होते. पितापुत्रांमध्ये नवी सरहद्द उभी असतानाच अलाहाबादेत हे नाव छापले जाऊ लागले. गाव, थट्टा आणि पिता अशी नात्यांची तीन क्षेत्रे या नावांनी वाटून घेतली होती.

पाचव्या दशकाच्या अखेरीचे अलाहाबाद हे उर्दू व हिंदी या दोन्ही साहित्यांचे मोठे केंद्र होते. अब्बास हुसैनी यांच्या ‘नकहत’ या प्रकाशनसंस्थेभोवती तरुण लेखकांचे एक मंडळ जमले होते. पुढे ‘आधा गाँव’ लिहिणारे राही मासूम रझा आणि त्या वेळी ‘तेग इलाहाबादी’ या नावाने कविता लिहिणारे मुस्तफा झैदी हे त्याच वर्तुळातले. १९४८ पासून असरार अहमद ‘नकहत’मध्ये लिहीत होते आणि उपजीविकेसाठी शाळेत शिकवीत होते. शृंगाराचा आधार घेतल्यावाचून उर्दूत लोकप्रिय पुस्तक खपू शकत नाही, असा त्या काळी सर्वसाधारण समज होता. मंडळातील एका चर्चेत हा मुद्दा निघाला, तेव्हा असरार अहमद यांनी तो मान्य केला नाही. अश्लीलतेला थारा न देताही हजारो वाचक मिळविता येतात हे दाखवून देण्याच्या ईर्षेतून १९५२ च्या मार्चमध्ये ‘जासूसी दुनिया’ या मासिक मालिकेची पहिली कादंबरी, ‘दिलेर मुजरिम’, प्रसिद्ध झाली.

ही भूमी अगदीच नापीक नव्हती. हिंदीत देवकीनंदन खत्रींच्या ‘चंद्रकांता’ने १८८८ पासून अय्यारांच्या करामतींची गोडी लावली होती, आणि गोपालराम गहमरी यांनी १९०० मध्ये ‘जासूस’ हे मासिकच काढले होते. उर्दूत ‘तिलिस्मे होशरुबा’सारख्या दास्तानांचा वारसा होता, शिवाय तीरथराम फिरोजपुरी यांनी इंग्रजी रहस्यकादंबऱ्यांचे ढीगभर अनुवाद केले होते. उणीव होती ती या मातीत वावरणाऱ्या स्वतंत्र नायकांची. ‘दिलेर मुजरिम’चे कथानकही उसनेच होते. व्हिक्टर गन या इंग्रज लेखकाच्या कादंबरीवर ते आधारले होते, आणि हे ऋण इब्ने सफी यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले. व्हिक्टर गन हेही एक टोपणनाव; त्यामागील एडवी सर्ल्स ब्रुक्स हा लेखक अशी अनेक नावे घेऊन लिहीत असे. मात्र फरीदी आणि हमीद ही जोडी इब्ने सफींची स्वतःची होती. तिच्याच बळावर ही मालिका अनुवादाच्या छायेतून लवकर बाहेर पडली.

ऑगस्ट १९५२ मध्ये आई व बहिणीसह इब्ने सफी कराचीला वडिलांकडे गेले. लेखक सरहद्दीपलीकडे गेला, पण मालिका अलाहाबादेतच राहिली. हस्तलिखिते कराचीहून येत राहिली आणि अब्बास हुसैनी ती छापीत राहिले. पुढे इब्ने सफींनी कराचीतही ‘असरार पब्लिकेशन्स’ ही संस्था काढली. पण भारतातील प्रकाशन त्यामुळे थांबले नाही. फाळणीने माणसे, मालमत्ता आणि दफ्तरे वाटून घेतली. हा वाचकवर्ग मात्र वाटला गेला नाही.

भारतात याच कादंबऱ्या नागरी लिपीतही निघत. प्रेम प्रकाश यांच्या हिंदी रूपांतरात कर्नल फरीदीचा कर्नल विनोद झाला, आणि पुढच्या मालिकेतील इम्रानचा राजेश. हमीद मात्र हमीदच राहिला. या किरकोळ वाटणाऱ्या फेरबदलातून हिंदी वाचकापुढे एक वेगळीच जोडी उभी राहिली : हिंदू अधिकारी आणि त्याचा मुसलमान साहाय्यक, मैत्रीने बांधलेले आणि एकाच कायद्याचे चाकर. व्यापाराच्या सोयीसाठी केलेल्या नामांतराने फाळणीनंतरच्या दशकात जे चित्र घरोघर पोहोचविले, त्याची नोंद साहित्येतिहासाने घ्यावयास हवी होती.

फरीदी हा श्रीमंत, संयमी आणि स्त्रियांच्या मोहापासून अलिप्त असा कर्तव्यकठोर पुरुष आहे. हमीद आळशी, रंगेल आणि वात्रट. कोट्याधीश, अगडबंब आणि भाबडा कासिम जोडीला आला की गुन्ह्याच्या तपासात प्रहसन शिरते. येथे तुगरल फरगानची लेखणी इब्ने सफींच्या उपयोगी पडते. ऑगस्ट १९५५ मध्ये ‘खौफनाक इमारत’ या कादंबरीने सुरू झालेल्या दुसऱ्या मालिकेत ही देणगी पूर्णत्वास गेली. तिचा नायक अली इम्रान ऑक्सफर्डचा पदवीधर, पण जगाला दिसतो निव्वळ मूर्ख. गुप्तहेर अधिकारी असलेल्या वडिलांनी त्याला घराबाहेर काढले आहे. हाच इम्रान ‘एक्सटू’ या नावाने एका गुप्त खात्याचा प्रमुख आहे, आणि त्याच्या हाताखालच्या बहुतेकांनाही हे ठाऊक नाही. ज्या माणसाला ते बावळट समजून हसतात, त्याच्याच दूरध्वनीवरील आवाजाने त्यांचा थरकाप होतो. नावामागे दडण्याचा व्यवसाय पत्करलेल्या लेखकाने निर्माण केलेला हा नायक त्याच्या सर्व पात्रांत सर्वाधिक लोकप्रिय ठरला, हे लक्षणीय आहे.

या कादंबऱ्यांच्या प्रारंभी ‘पेशरस’ या शीर्षकाचे छोटे निवेदन असे. त्यात लेखक वाचकांच्या पत्रांना उत्तरे देई, तक्रारींची थट्टा करी आणि नकली पुस्तकांपासून सावध राहण्यास सांगे. तशी वेळ आलीच. १९६० ते १९६३ या काळात गंभीर मनोविकाराने त्यांचे लेखन पूर्णपणे थांबले. बाजार थांबला नाही. ‘एन. सफी’सारखी, एखादे अक्षर बदललेली नावे मुखपृष्ठांवर झळकू लागली. इम्रान आणि फरीदी परक्या हातांनी चालू लागले. नोव्हेंबर १९६३ मध्ये ‘डेढ मतवाले’ घेऊन इब्ने सफी परतले. तिच्या भारतीय आवृत्तीचे प्रकाशन, काही महिन्यांपूर्वीच गृहमंत्रिपद सोडलेल्या लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाल्याचे त्यांच्या चरित्रलेखनात नोंदविलेले आहे. मागणी एवढी होती की अल्पावधीतच दुसरी आवृत्ती काढावी लागली.

‘जासूसी दुनिया’च्या १२५ आणि इम्रानच्या १२० कादंबऱ्या हा त्यांच्या लेखनाचा सर्वमान्य हिशेब. आजाराची तीन वर्षे वगळता सरासरी वर्षाला दहा कादंबऱ्या पडतात. या वेगाचे मोल त्यांना द्यावे लागले : काही कथानके घाईने गुंडाळलेली आहेत, आणि काही यंत्रे व खलनायक पुनःपुन्हा येतात. तरीही भाषेचा नेटकेपणा सहसा ढळत नाही. संवादात पाल्हाळ नाही, आणि विनोद पात्राच्या स्वभावातून येतो. गझलेत शब्दांची काटकसर शिकलेला असरार नारवी या गद्यातून डोकावत राहतो. तो स्वतःच्या नावाने मात्र क्वचितच पुढे आला. १९७४ च्या ‘धमाका’ या पाकिस्तानी चित्रपटाची कथा इब्ने सफींची होती. त्यातील हबीब वली मोहम्मद यांनी गायलेली गझल असरार नारवींची. कवितासंग्रह प्रसिद्ध झाला तो कवीच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी. २६ जुलै १९८० रोजी कराचीत कर्करोगाने त्यांचे निधन झाले. इम्रान मात्र निवृत्त झाला नाही. मुलतानचे मझहर कलीम यांनी त्याच्यावर पुढे शेकडो कादंबऱ्या रचल्या.

उर्दू समीक्षेने या साऱ्याकडे दीर्घकाळ पाठ फिरविली. अभिजात आणि बाजारू यांच्यातील भिंत मात्र समीक्षेत जेवढी भक्कम दिसते, तेवढी ती प्रत्यक्षात नव्हती. राही मासूम रझा यांनीही उमेदवारीच्या काळात टोपणनावाने रंजक कादंबऱ्या लिहिल्या होत्या. त्यांच्या बाबतीत खरे नाव टिकले आणि टोपणनाव विसरले गेले, एवढाच फरक. २०११ मध्ये चेन्नईच्या एका प्रकाशनसंस्थेने ‘जासूसी दुनिया’तील चार कादंबऱ्या इंग्रजीत आणल्या. अनुवादक होते शम्सुर्रहमान फारुकी, मीर तकी मीरवरील भाष्यासाठी सरस्वती सन्मान लाभलेले आणि अलाहाबादेतच वास्तव्य केलेले उर्दूचे अग्रगण्य समीक्षक. या निवडीने जुन्या प्रश्नाचे उत्तर शब्दांवाचून दिले.

तरी ग्रंथालयांपुढचा प्रश्न उरतोच. असरार नारवींची कविता एका कपाटात, तुगरल फरगानचा उपरोध जुन्या मासिकांत, इब्ने सफींच्या कादंबऱ्या उर्दू रंजक साहित्यात आणि विनोद व राजेश यांच्या करामती हिंदीत, अशी ही एकाच माणसाची मिळकत विखुरलेली आहे. त्यांत नकली सफींची पुस्तकेही मिसळली आहेत. स्वस्त कागदावर छापलेल्या मूळ प्रती वर्षागणिक ठिसूळ होत आहेत. खऱ्या नावाखाली ही सारी नावे एकत्र नोंदविणे हे वरवर पाहता सूचिकाराचे काम. पण फाळणीनंतरच्या उत्तर भारताने फावल्या वेळात नेमके काय वाचले, हे जाणण्याचा मार्ग त्या नोंदीतूनच जातो.