९ डिसेंबर : डॉ. कोटणीस स्मृतिदिन

मूळ सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे १९४२ मध्ये आजच्याच दिवशी उत्तर चीनच्या युद्धभागात अपस्माराच्या झटक्याने निधन झाले. वय अवघे ३२. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक धाडले होते. बाकीचे परतले, कोटणीस तिथेच राहिले. तिथल्या बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुखपद, जखमींवरील शस्त्रक्रिया, विद्यार्थ्यांना शिकवणे, आणि त्यातूनच वेळ काढून त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहिणे. मृत्यूमुळे ते अर्धवटच राहिले. मुलगा तेव्हा जेमतेम काही महिन्यांचा होता.

कोल्हापूरचे व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला, कोटणीसही स्वतःच साकारले. डॉक्टरांचे लेखन मात्र आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही.