एमपीएलएस आभासी खाजगी जाळे

एमपीएलएस आभासी खाजगी जाळे (एमपीएलएस व्हीपीएन) ही सेवापुरवठादाराच्या एकाच सामायिक जाळ्यावरून अनेक ग्राहकांची संगणक जाळी परस्परांपासून अलग ठेवून चालविण्याची पद्धत आहे. बँकांच्या शाखा, कारखाने, कार्यालये अशी दूरदूरची ठिकाणे जोडण्यासाठी तिचा वापर होतो. आयपी मार्गनिर्देशनावर आधारलेल्या तिसऱ्या स्तरावरील प्रकाराचे वर्णन एरिक रोझेन व याकोव्ह रेख्टर यांनी मार्च १९९९ मध्ये आरएफसी २५४७ या दस्तऐवजात केले. फेब्रुवारी २००६ मध्ये आरएफसी ४३६४ ने त्याची जागा घेतली.

रचना

ग्राहकाच्या ठिकाणी असलेल्या राउटरला सीई, त्याला जोडलेल्या सेवापुरवठादाराच्या सीमेवरील राउटरला पीई व गाभ्यातील राउटरला पी असे म्हणतात. पीई राउटर ग्राहकाच्या पॅकेटवर दोन लेबले चढवितो. बाहेरचे लेबल पॅकेटला पलीकडच्या पीईपर्यंत नेते. तेथे पोहोचल्यावर ते कोणत्या ग्राहकाचे, हे आतल्या लेबलावरून कळते. पी राउटर केवळ बाहेरचे लेबल पाहतात, म्हणून त्यांना एकाही ग्राहकाचे मार्ग ठाऊक असावे लागत नाहीत. ग्राहक कितीही वाढले तरी गाभ्यावर त्यांच्या मार्गांचा भार पडत नाही, आणि ही पद्धत रुजण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

राउटरवरील मांडणी

प्रथम गाभ्यात ओएसपीएफ किंवा आयएस-आयएस चालवून प्रत्येक पीईचा लूपबॅक पत्ता सर्वत्र पोहोचविला जातो. नंतर गाभ्याकडील जोडण्यांवर एलडीपी सुरू करतात. शेजारी राउटर त्याद्वारे एकमेकांना लेबले कळवितात. पीईवर प्रत्येक ग्राहकासाठी व्हीआरएफ नावाची स्वतंत्र मार्ग-सारणी तयार करून ग्राहकाकडील इंटरफेस तिला जोडतात. सिस्कोच्या आयओएस प्रणालीत असे जोडताच इंटरफेसवरील आधीचा आयपी पत्ता पुसला जातो व तो पुन्हा द्यावा लागतो. त्यामुळे त्याच इंटरफेसवरून दुरून काम करणाऱ्याचा राउटरशी संपर्क तुटतो.

व्हीआरएफला दिल्या जाणाऱ्या दोन मूल्यांबाबत नवशिक्यांचा हमखास गोंधळ होतो. दोन ग्राहक १०.१.१.० हाच खाजगी पत्ता वापरत असतील, तर पीईंमधील बीजीपीला ते दोन मार्ग वेगळे ओळखता यायला हवेत. त्यासाठी ३२ बिटांच्या पत्त्यापुढे ६४ बिटांचा रूट डिस्टिंग्विशर लावून ९६ बिटांचा व्हीपीएन पत्ता बनवितात. त्याचे काम तेवढेच. कोणता मार्ग कोणत्या व्हीआरएफमध्ये शिरेल, हे मात्र रूट टार्गेट ठरविते. मार्ग बाहेर पाठविताना त्याला रूट टार्गेट जोडले जाते आणि आत घेताना ते तपासले जाते. पाठ्य-उदाहरणांत दोन्हींसाठी ६५०००:१०० असे एकच मूल्य लिहिण्याची प्रथा असल्याने त्यांतील भेद झाकला जातो. मुख्यालय सर्व शाखांचे मार्ग घेते, शाखा मात्र फक्त मुख्यालयाचे घेतात, अशी रचना केली की तो स्पष्ट होतो. ही रचना केवळ रूट टार्गेटच्या निवडीवर उभी असते.

शेवटी पीई राउटरांमध्ये व्हीपीएन पत्ते वाहणारे बहुप्रोटोकॉल बीजीपी सुरू करतात. पीई व सीई यांच्यात स्थिर मार्ग, ओएसपीएफ किंवा बीजीपी यांपैकी काहीही चालते.

नेहमीचे दोष

लूपबॅकला ३२ ऐवजी २४ बिटांचा मास्क दिला, तरी ओएसपीएफ सहसा त्याची जाहिरात ३२ बिटांनीच करते. पीईचा एलडीपी मात्र २४ बिटांच्या मार्गासाठी लेबल देतो. त्यामुळे शेवटून दुसऱ्या राउटरला जुळणारे लेबल मिळत नाही व लेबलांची साखळी तुटते. एका पीईवरून दुसऱ्याच्या लूपबॅकला पिंग केल्यास उत्तर येते, बीजीपीही सुरळीत दिसते, पण ग्राहकाचे पॅकेट वाटेतच नाहीसे होते. गाभ्यात या पत्त्यांचे मार्ग एकत्रित केल्यासही असेच घडते. दुसरी अडचण आकाराची आहे. प्रत्येक लेबल ४ बाइट घेते, म्हणून १५०० बाइटांच्या पॅकेटसाठी गाभ्यातील जोडण्यांनी किमान १५०८ बाइट वाहून न्यायला हवेत.

सुरक्षितता

नावातील ‘खाजगी’ हा शब्द फसवा आहे. येथे मार्ग वेगळे ठेवले जातात, पण मजकूर कूटबद्ध होत नाही. सेवापुरवठादाराच्या जाळ्यात शिरकाव असलेल्याला तो वाचता येतो. शिवाय हे वेगळेपण पूर्णतः मांडणीच्या अचूकतेवर अवलंबून असते. आयात करावयाच्या रूट टार्गेटमध्ये एक अंक चुकला, तर एका ग्राहकाचे मार्ग दुसऱ्याच्या सारणीत उतरू शकतात, आणि त्याबद्दल राउटर कोणतीही त्रुटी दाखवीत नाही. म्हणून गोपनीय माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या संस्था सीई ते सीई आयपीसेक कूटबद्धीकरण स्वतंत्रपणे वापरतात.