आपल्याच शरीराची ओळख

आजच्या भागात राजेरजवाड्यांचा इतिहास नाही. शरीराच्या आत काय आहे हे माणसाला कसं कळत गेलं आणि त्यातलं बाईपर्यंत किती पोचलं, ते सांगणार आहे. मी डॉक्टर नाही. बी.ए.ला इतिहास घेतला होता आणि आता तुमच्या गटांच्या बैठकांमध्ये बसते, तेवढ्या जोरावर बोलते आहे.

आपल्या देशात शरीर आतून पाहायची रीत फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत ती सविस्तर दिली आहे. फार म्हातारं नसलेलं, विषानं न मेलेलं, सगळे अवयव शाबूत असलेलं प्रेत घ्यायचं. ते गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात ठेवायचं. सात रात्रींनंतर काढून वाळा, केस, बांबू यांच्या कुंचल्यानं हलक्या हातानं घासत एकेक थर पाहायचा. सुश्रुतानं हाडं मोजली ३००. आज मोठ्या माणसाची हाडं २०६ धरतात. त्यानं दात आणि कानानाकातली असतात तशी मऊ हाडंही मोजणीत घेतली, म्हणून आकडा वाढला. पण तो डोळ्यांनी पाहून काढलेला आकडा होता, ऐकीव नव्हता.

पुढे प्रेताला हात लावणं म्हणजे विटाळ, अशी समजूत घट्ट झाली आणि ही विद्या मागं पडली. विटाळ हा शब्द लक्षात ठेवा, आपल्याही वाट्याला तोच आला. १८३६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केलं आणि पुन्हा दार उघडलं. १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. मुलगे हाडं, स्नायू, रक्तवाहिन्या शिकू लागले. मुलींना मात्र तिथं प्रवेश मिळायला १८८३ साल उजाडलं. मधली ३८ वर्षं बाईचं शरीरही पुरुषच शिकले, आणि बाया तर पुरुष डॉक्टरला हात दाखवायलाही तयार नसत. पडद्याआड मरून जात.

त्याच १८८३ साली कल्याणची एक अठरा वर्षांची मुलगी बोटीनं अमेरिकेला निघाली. आनंदीबाई जोशी. तिचं नाव तुम्ही शाळेत ऐकलं असेल, पण ती कशासाठी गेली हे बहुतेकींना कुणी सांगितलेलं नसतं. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि बाळ दहा दिवसांत गेलं. नीट उपचार मिळाले नाहीत. जाण्याआधी श्रीरामपूरला, म्हणजे बंगालातल्या, आपल्या नगर जिल्ह्यातल्या नव्हे, तिनं भर सभेत उभं राहून सांगितलं की या देशाला बायका डॉक्टर हव्या आहेत. फिलाडेल्फियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजात ती शिकली आणि मार्च १८८६ मध्ये एम.डी. झाली. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. परक्या देशात बसून तिनं आपल्याकडची बाळंतपणं अभ्यासाला घेतली, हे मला तिच्या पदवीपेक्षा मोठं वाटतं. कोल्हापूरच्या दवाखान्यात तिची नेमणूकही झाली होती. पण क्षयानं गाठलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत, ती पुण्यात वारली. एकही दिवस तिला ते काम करता आलं नाही.

तिच्या मागून रखमाबाई आल्या, इतर आल्या, मोठ्या शहरांत बायकांचे दवाखाने झाले. खेड्यात काय झालं? ते कळायला आणखी शंभर वर्षं जावी लागली, आणि ते कळलं आपल्या विदर्भातच. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. आजारी बायाच तेवढ्या बोलावल्या नव्हत्या, गावातल्या सगळ्यांसाठी तपासणी होती. १८८७ नंतर १०२ वर्षांनी, म्हणजे १९८९ साली, ते निष्कर्ष इंग्लंडच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकात छापून आले. शंभरातल्या ९२ बायांना अंगावरचा काही ना काही आजार होता, एकेकीला सरासरी साडेतीनच्या वर आजार. त्यातला निम्मा भाग जंतुसंसर्गाचा, म्हणजे बराचसा गोळ्या-औषधांनी बरा होणारा. आणि या आधी आतून तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त ८. जवळजवळ निम्म्या बायांनी तर काही त्रासच सांगितला नव्हता. त्रास नव्हता असं नाही, बाई म्हटलं की एवढं चालायचंच, असं त्या धरून चालल्या असतील. आपणही तेच म्हणतो ना?

आमच्या बैठकीत आम्ही जमिनीवर खडूनं बाईची आकृती काढतो आणि म्हणतो, सांगा, कुठं काय आहे. काळीज, फुप्फुस, जठर बरोबर दाखवतात. गर्भपिशवी आली की कुणी पोटाच्या मधोमध, जठराला चिकटून काढते, कुणी छातीपर्यंत नेते. लघवीची वाट आणि बाळाची वाट एकच, असं चार लेकरं झालेली बाईही सांगते. या वाटा वेगळ्या आहेत. पुढं लघवीची, मधे बाळाची, मागं शौचाची. पिशवी ओटीपोटात खाली, लघवीच्या पिशवीच्या मागं असते. उलट्या धरलेल्या लहान जांबासारखी, सात-आठ सेंटिमीटर लांब. त्यात पूर्ण बाळ मावतं आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांत ती पुन्हा मूळच्या मापाला येते. आपल्या आज्या सव्वा महिना म्हणायच्या. पुस्तक न वाचता त्या किती जवळ पोचल्या होत्या बघा.

पिशवीच्या दोन्ही बाजूंना बीजकोश असतात. यांचं नाव कुणी घेतच नाही आणि खरी गोम तिथंच आहे. महिन्याला बीज तर ते सोडतातच, शिवाय त्यांच्यातून निघणारा रस हाडं मजबूत ठेवतो.

२०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या सुमारे ८२ हजार बायांची पाहणी झाली. त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. शासनानं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तोडणीला आपल्या जिल्ह्यातूनही बाया जातात, आणि न जाणाऱ्यांमध्येही 'लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम' हे बोलणं मी गावोगाव ऐकते. पांढरं जातं, कंबर दुखते, मग कुणीतरी पुढं कॅन्सर होईल अशी भीती घालतं आणि गटातलं कर्ज ऑपरेशनला जातं. कॅन्सर असेल, गाठी मोठ्या असतील, औषधानं रक्तस्राव थांबतच नसेल, अंग बाहेर येत असेल, तर पिशवी काढावी लागते, त्यात दुमत नाही. पण नुसत्या पांढऱ्या पाण्यासाठी आधी तपासणी आणि औषध असतं. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर तिशी-पस्तिशीतच म्हातारपणाची हाडं येतात. मग निंदायला वाकवत नाही.

म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं तर विचारा: नक्की आजार कोणता, औषधानं बरा होतो का, बीजकोश ठेवणार की काढणार, आणि हे कागदावर लिहून द्याल का. तो कागद घेऊन यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. एकटीनं जायला धीर होत नसेल तर गटातल्या एकीला सोबत न्या. जायच्या आधी खडूनं आकृती काढून पुन्हा एकदा बघून जा, म्हणजे तिथं बोट ठेवून विचारता येईल.