बोटीतली शेगडी

सफाळे स्थानकावर उतरून एडवण, दातिवऱ्याच्या रस्त्याला लागले की शेवटी समुद्र लागतो. इथल्या शाळेत 'थंडी कधी वाजते?' असे विचारून पाहावे. मासेमारी करणाऱ्या घरातली मुले पहाटेच्या मतलई वाऱ्याचे नाव घेतील. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर निवते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण जाळे ओढताना कपडे भिजलेले असले तर पाणी वाळता वाळता अंगातली उष्णता घेऊन जाते. मग ऊब हवीशी वाटणारच.

शिडाच्या उघड्या होडीत धोका असे तो आगीचा. लाकडावर मातीचा जाड थर देऊन चूल मांडली की काम भागे. धूर वाऱ्यावर जाई. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर सातपाटीसारख्या बंदरांत होड्यांना यंत्रे बसू लागली. पुढे बोटी मोठ्या झाल्या, निजायला केबिन आली. थंडीत केबिनचे दार लावून निखाऱ्यांची शेगडी आत घेतली, की तिच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडही आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर मात्र डोळ्यांत जातो, म्हणून माणूस धुराला भितो आणि लाल फुललेल्या, बिनधुराच्या निखाऱ्यावर विश्वास टाकतो. नेमके उलटे!

हा वायू कशाचा बनला आहे ते क्रुकशँक यांनी १८०० साली दाखवले. तो रक्तातल्या ऑक्सिजनची जागा बळकावतो, हे क्लोद बर्नार यांनी १८५७ च्या सुमारास मांडले. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आम्हाला सर्वांत नवल वाटते ते जॉन स्कॉट हॉल्डेन यांचे. १८९५ मध्ये त्यांनी हा वायू स्वतःच हुंगला आणि होणारा परिणाम टिपत गेले. निम्मे हिमोग्लोबिन व्यापले गेले तेव्हा त्यांना धड चालता येईना. म्हणजे धोका कळेपर्यंत दारापर्यंत जाण्याचे बळच उरत नाही. पुढच्याच वर्षी वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या खाणीत स्फोट होऊन ५७ माणसे दगावली. त्यांतले बहुतेक स्फोटाच्या तडाख्याने नव्हे, तर या वायूने गेले, असे हॉल्डेन यांनी दाखवून दिले. खाणीत उंदीर किंवा लहान पक्षी सोबत न्यावेत, ही सूचना त्यांचीच. ब्रिटनच्या खाणीतले कॅनरी पक्षी १९८६ पर्यंत कामावर होते! (याच हॉल्डेनांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.)

आता वर्गात करण्याजोगे एक गणित. कार्बन १२, ऑक्सिजन १६, बेरीज २८. हवेचा सरासरी रेणुभार २९. म्हणजे हा वायू खाली बसत नाही की वर जाऊन छताला थांबत नाही, साऱ्या केबिनभर मिसळतो. खाली निजा वा वर, सुटका नाही. दार उघडे ठेवणे, त्याहून बरे म्हणजे शेगडी केबिनबाहेरच ठेवणे आणि सुके कपडे घालून निजणे, हाच उपाय. कोणाचे डोके दुखू लागले, मळमळले, तर आधी त्याला उघड्यावर आणावे. मोकळ्या हवेतही रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात.

शेगडीऐवजी गॅसची टाकी आणली तर? तिथे गणित बदलते. प्रोपेनचा रेणुभार ४४, ब्युटेनचा ५८. गळलेला गॅस बोटीच्या तळाशी जाऊन साचतो, आणि बोटीच्या तळाला घराच्या उंबऱ्यासारखी बाहेर पडायची वाट नसते.