सात शार्प आणि एक लांडगा

आता आपण १७२२ कडे येऊ. ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर’च्या पहिल्या भागात बाखने सी-शार्प मेजर घेतला, म्हणजे आपल्या पेटीवाल्यांची काळी एक. ओळीच्या सुरुवातीलाच सात शार्प! डी-फ्लॅट मानून पाच फ्लॅटांत भागलं असतं की.

पण अडचण लिहिण्याची नव्हती, जुळणीची होती. शार्प पंचमापंचमाने वाढतात हे आपण मघाशी पाहिलं: एफ, सी, जी. तिथवर ठीक. चौथा डी-शार्प. जुन्या मीनटोन जुळणीत त्या काळ्या पट्टीवर सहसा ई-फ्लॅट लावलेला असे, आणि दोहोंत कानाला बोचेल इतका फरक. जी-शार्प ते ई-फ्लॅट या बेसूर पंचमाला तर ‘लांडगा’च म्हणत. ‘वेल-टेम्पर्ड’ म्हणजे त्या लांडग्यावरचा इलाज: जुळणी अशी, की मेजर-मायनर मिळून चोवीसही पट्ट्या वाजवता याव्यात.