खबऱ्याचा शब्द

हिंगोलीच्या लष्करी छावणीत गेल्याच्या आधीच्या शतकात हरीसिंग नावाचा एक कापडाचा व्यापारी राहत असे. बोलायला गोड, व्यवहाराला चोख, गोऱ्या अधिकाऱ्यांत त्याची उठबस. एकदा त्याने मुंबईहून माल आणण्यासाठी छावणीतल्या एका साहेबाकडे परवाना मागितला. साहेबाने तो आनंदाने दिला. थोड्याच दिवसांत माल आला, छावणीच्या बाजारात उघड्यावर विकला गेला, साहेबांनीही तो घेतला असेल. मुंबईहून निघालेला खरा व्यापारी मात्र वाटेतच पुरला गेला होता. त्याच्या येण्याची वर्दी हरीसिंगाला आधीच होती आणि परवाना त्याने त्याच्याच मालासाठी काढून ठेवला होता. ही हकीकत मेडोज टेलरने १८३९ च्या आपल्या ठगाच्या कादंबरीच्या प्रस्तावनेत नोंदवून ठेवली आहे. तो सांगतो की हरीसिंगाने पुढे आपल्या तोंडाने कबूल केले नसते, तर हे कोणाला कधी कळलेही नसते.

मी ही गोष्ट प्रथम वाचली तेव्हा तिच्यातल्या भीषणपणाने थक्क झालो. आमच्या बीडपासून हिंगोली काही फार लांब नाही. त्या रस्त्याने आपण एस.टी.ने डुलक्या काढीत जातो. पण दुसऱ्यांदा वाचताना माझे लक्ष त्या शेवटल्या वाक्यावर अडकले. आपल्या तोंडाने कबूल केले नसते तर! म्हणजे ठगांविषयी आपण जे जे जाणतो, त्याचा मोठा भाग आपल्याला अशाच तोंडांनी सांगितलेला आहे. ही तोंडे फासाच्या दोरापासून हातभर अंतरावर होती. बोलेल तो वाचेल, न बोलेल तो लटकेल, असा तो मामला होता.

मेडोज टेलर हे नाव मराठवाड्यात अजून विसरलेले नाही. नळदुर्गाच्या किल्ल्यात त्याने १८५३ पासून काही वर्षे कारभार केला. त्याच्या आधी, १८३३ च्या सुमारास, निजामाच्या फौजेतला हा पंचविशीचा अधिकारी ठगांच्या जबान्या लिहून घेण्याच्या कामी कॅप्टन रेनॉल्ड्सच्या मदतीला स्वखुशीने गेला होता. दिवसामागून दिवस तो खुनांच्या कहाण्या उतरून घेत बसे. त्यातूनच १८३९ साली लंडनला त्याची ती प्रसिद्ध ठगाची कादंबरी बाहेर पडली. मीही कादंबऱ्या लिहितो, तेव्हा धंद्यातल्या माणसाच्या नात्याने एक सांगतो. ती कादंबरी म्हणजे आरंभापासून अखेरपर्यंत एका माफीच्या साक्षीदाराची जबानी आहे. अमीर अली बोलतो आणि साहेब ऐकतो. उलटतपासणी नाही, दुसरा साक्षीदार नाही. वाचक विश्वास ठेवतो तो केवळ सांगणाऱ्याच्या सांगण्याच्या खुबीवर. कादंबरीला हे शोभते. पण त्याच काळात न्यायाच्या कचेऱ्यांतही पुष्कळसे असेच चालले होते, आणि तिथे प्रकरण संपले की माणूस संपत असे.

याच्या आधी असे चालत नव्हते. १८१० च्या सुमारास उत्तरेत इटाव्याच्या मॅजिस्ट्रेटने काही ठग धरले. त्यांतला एक बोलू लागला, पण दर खेपेला निराळे बोलू लागला. कंपनीच्या वरिष्ठ फौजदारी न्यायालयाने, म्हणजे निजामत अदालतीने, अशा जबानीवर शिक्षा द्यायला नकार दिला. (या निजामत अदालतीचा आमच्या हैदराबादच्या निजामाशी संबंध नाही, नावाने फसू नये.) पुढच्या पंचवीस वर्षांत ही अडचण कायदा करूनच दूर केली गेली. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने अमुक खून अमक्याने केला हे सिद्ध करण्याची गरजच उरली नाही. तो कधीकाळी ठगांच्या टोळीत होता एवढे शाबीत झाले की जन्मठेप. आणि १८३७ च्या एकोणिसाव्या कायद्याने शिक्षा झालेल्या गुन्हेगाराची साक्षही ग्राह्य ठरली. आता टोळीत होता हे सांगणार कोण? टोळीतलाच दुसरा. आरोपीच्या बाजूने वकील उभा नसे. साक्ष देणाऱ्यांचा जीव वाचे. त्यांतल्या पुष्कळांचे उरलेले आयुष्य जबलपूरच्या कारखान्यात तंबू आणि गालिचे विणण्यात गेले.

ठगांचा कर्दनकाळ म्हणून नाव मिळवलेल्या स्लीमनवर अन्याय नको. तो भोळा नव्हता. तो साक्षीदारांना वेगवेगळे ठेवून विचारी, एकाचे दुसऱ्याशी ताडून पाही, आणि दाखवलेल्या जागी खणले असता हाडे निघाल्याचे दाखले आहेत. हाडे खोटे बोलत नाहीत हे खरे. पण हाडे पुरणाऱ्याचे नावही सांगत नाहीत. ते नाव पुन्हा त्याच जिभेवरून यायचे.

इथे दोन शब्द वेगळे करून ठेवले पाहिजेत, कारण बोलताना आपण त्यांची खिचडी करतो. माफीचा साक्षीदार म्हणजे गुन्ह्यात सामील असलेला आणि माफी घेऊन पिंजऱ्यात उभा राहणारा. तो निदान दिसतो. त्याला प्रश्न विचारता येतात. खबऱ्या निराळा. तो पोलिसांच्या कानाशी लागतो आणि निघून जातो. त्याचे नाव कागदावर येत नाही, तो शपथ घेत नाही, आरोपीच्या वकिलाला त्याचे तोंड दिसत नाही. बक्षीस मात्र त्याला मिळू शकते. माफीचा साक्षीदार जिवाच्या भयाने बोलतो, खबऱ्या पैशासाठी बोलतो, कधी वैरासाठी, आणि कधी खरोखर गावाचे भले व्हावे म्हणूनही. पण कशासाठी बोलला हे तपासायचे कोणी?

१८७२ साली फिट्झजेम्स स्टीफनने पुराव्याचा कायदा रचला, तेव्हा या प्रश्नाची अर्धी तड त्याने लावली आणि अर्धी तशीच ठेवली. कलम १३३ म्हणते, गुन्ह्यातल्या साथीदाराच्या साक्षीवर, तिला दुसरी पुष्टी नसली तरी, दिलेली शिक्षा तेवढ्याने बेकायदेशीर होत नाही. आणि कलम ११४ च्या खालचे उदाहरण म्हणते, साथीदार महत्त्वाच्या बाबतीत पुष्टी मिळाल्याखेरीज विश्वासाला पात्र नाही असे न्यायालयाला धरून चालता येते. एकाच कायद्याच्या दोन ओठांतून हे दोन शब्द! स्वातंत्र्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने १९५२ आणि १९५७ च्या निकालांत यातून वाट काढली. साक्षीदार मुळात विश्वसनीय आहे का हे आधी पाहावे आणि मग पुष्टी शोधावी; ती पुष्टीही नुसत्या गुन्ह्याची नको, त्या आरोपीचा गुन्ह्याशी संबंध जोडणारी हवी. हाडांना जे सांगता येत नव्हते, ते आता दुसऱ्या कोणीतरी सांगितलेच पाहिजे, असा याचा अर्थ.

खबऱ्याविषयी मात्र त्याच कायद्याच्या कलम १२५ ने दार लावून घेतले. खबर कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलिसावर करता येत नाही.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे, जरी तीत माझी शोभा नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी सातवीला शिकवीत होतो. दसरा झाला होता, ऊसतोडीच्या टोळ्या निघायची वेळ जवळ आली होती, वर्ग निम्मा रिकामा व्हायच्या बेताला. मधल्या सुट्टीत वर्गाचा मॉनिटर माझ्या खोलीत आला आणि एका पोराचे नाव घेऊन म्हणाला, त्याच्या दप्तरात तंबाखू आहे. मी उठलो, दप्तर उलटे केले. पुडी निघाली. पुडी निघाल्यावर विचारायचे काय उरले? मी त्याला सगळ्या वर्गासमोर छड्या मारल्या. तो रडला नाही, काही बोललाही नाही. चार दिवसांनी तो आईबापांबरोबर कारखान्याच्या अड्ड्यावर गेला, तो परत शाळेत आला नाही.

पुढे सहज बोलताना मॉनिटरने मला त्या दिवशीचे आपले वाक्य पुन्हा सांगितले. तो म्हणाला होता, “गुरुजी, त्येच्या बापाची तंबाखू त्येच्याकडं हाय.” बापाने बाजारातून आणायला सांगितली होती, पोर शाळा सुटल्यावर नेऊन देणार होते. पूर्ण वाक्य माझ्या कानावर पडले होते. मी त्यातले दोनच शब्द ठेवून घेतले.

हे मला आठवले ते अहमदाबादच्या एका रिक्षावाल्याच्या खटल्याचा निकाल वाचताना. अफूचे कायदे आपल्याकडे जुने आहेत, १८५७ आणि १८७८ चे. पण १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमली पदार्थांचा जो कायदा आला, त्याने शिक्षेचा काटाच बदलला. तेव्हा बहुतेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षे सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड होता. माल ताब्यात सापडला की तो कसा आला हे आरोपीने पटवावे, मनात पाप नव्हते हेही त्यानेच सिद्ध करावे. आणि खबर कोणी दिली हे सांगण्याचे बंधन अधिकाऱ्यावर नाही, हे याही कायद्यात कलम ६८ ने पुन्हा लिहून ठेवले. एवढे सगळे एका बाजूला घातल्यावर कायदा करणारांनाही थोडे चुकल्यासारखे वाटले असावे. कलम ४२ मध्ये त्यांनी एक अट घातली: खबर मिळताच अधिकाऱ्याने ती लिहून काढावी आणि तिची नक्कल वरिष्ठाकडे पाठवावी. नाव लपवा, पण शब्द लिहा.

१९८८ च्या जानेवारीत खबरीवरून पोलिसांनी ती रिक्षा अडवली. आत चार गोण्या, गोण्यांत चरस. रिक्षावाला म्हणाला, मी भाडे वाहतो, गोण्यांत काय आहे मला ठाऊक नाही. सत्र न्यायालयाने त्याला सोडले. उच्च न्यायालयाने दोषी धरून दहा वर्षे आणि लाख रुपये दंड दिला. अपील सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००० साली तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला. निकालपत्र न्या. के. टी. थॉमस यांचे. त्यांनी विचारले, खबर काय होती? अधिकाऱ्याने ती लिहिलीच नव्हती. तोंडी वरिष्ठाला कळवली, म्हणे. पुष्कळ दिवसांनी साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून त्याने ती आठवून सांगितली. आणि त्याला आठवली त्या खबरीत चरस नेणारा म्हणून भलत्याच माणसाचे नाव होते! न्यायालयाने म्हटले की ही सर्वांत आधीची माहिती होती, आरोपीचा हात किती हे ठरवायला तिची किंमत फार मोठी, आणि ती लिहिली न गेल्याने आरोपी आणि न्यायालय दोघेही तिला मुकले. जेवढी आठवली तेवढी तर रिक्षावाल्याला गुंतवण्यापेक्षा सोडवणारीच आहे. त्याची शिक्षा रद्द झाली. रिक्षा अडवली त्या दिवसाला तोवर बारा वर्षे लोटली होती.

खबऱ्यावर विसंबलेल्या खटल्याला आव्हान देण्याची वाट ही अशी आहे. खबऱ्याला कोणी गाठू शकत नाही. गाठायचे ते त्याच्या शब्दाचा कागद. तो कधी लिहिला, किती वाजता, डायरीत कोठे, वरिष्ठाला कधी पोचला. उलटतपासणी माणसाची व्हायची ती कागदाची होते. पुढे २००९ साली पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही वाट थोडी आखून दिली: निकडीच्या वेळी लिहिण्याला उशीर झाला आणि त्याचे समाधानकारक कारण दिले तर चालेल, मुळीच न लिहिणे चालणार नाही. खबर देणारा अधिकारी आणि तपास करणारा अधिकारी एकच असला तर खटला कोसळेल असे २०१८ मध्ये ठरले आणि २०२० मध्ये घटनापीठाने ते फिरवले. प्रत्येक खटल्यात पक्षपात दाखवावा लागेल, असे सांगितले. त्याच वर्षी ऑक्टोबरात आणखी एक महत्त्वाचा निकाल आला. अमली पदार्थ खात्याच्या अधिकाऱ्यासमोर, कलम ६७ खाली, दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही. दोन विरुद्ध एक अशा मताने तो निकाल लागला. तोवर अशा कबुलीजबाबांवर कितीजण तुरुंगात गेले असतील ते असोत.

स्टीफनचा कायदा १ जुलै २०२४ रोजी इतिहासजमा झाला. त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. जुनी कलमे बहुतेक नवे नंबर लावून तशीच उतरली आहेत, आणि खबर कोठून मिळाली ते सांगू नये हेही त्यांत तसेच आहे. पण जुन्या १३३ च्या जागी आलेले कलम १३८ काढून पाहावे. साथीदाराच्या, पुष्टी नसलेल्या साक्षीवरची शिक्षा बेकायदेशीर नव्हे, असे जिथे एकशे बावन्न वर्षे छापलेले होते, तिथे आता पुष्टी असलेल्या साक्षीवरची, असे छापले आहे. इंग्रजी मसुद्यात शब्दाच्या आरंभीची दोन अक्षरे तेवढी गळाली आहेत.