दोन वाद्ये, दोन मते

व्हॅन शिप्ले आणि एनॉक डॅनियल्स यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांचा विषय निघाला की आम्हा नाशिककर गिटारवादकांत आजही दोन तट पडतात. शिप्ले मूळचे लखनौचे, तर डॅनियल्स पुण्याचे. एकाच्या हाती विद्युत गिटार, दुसऱ्याच्या हाती अकॉर्डियन. हिंदी चित्रपटगीते शब्दांवाचून वाजवून या ख्रिस्ती जोडीने कीर्ती मिळविली.

आमच्यातील एक पक्ष म्हणतो, ‘यात गिटारचे स्वत्व कोठे? सहा तारांतून स्वरमेळ उभा करणे हे तिचे खरे सामर्थ्य. येथे ती केवळ गायकाची छाया झाली आहे.’ दुसऱ्या पक्षाचे उत्तर असे की, शिप्ले तारांवरून पोलादी पट्टी सरकवीत; त्यामुळे पडद्यांचे बंधन सुटून गळ्यातली मींड तारेवर उतरते. हे अनुकरण नव्हे, भाषांतर होय.

आम्हांस वाटते, जोडीकडे जोडी म्हणूनच पाहावे. अकॉर्डियनला मींड साधत नाही, पण स्वरमेळ आणि दीर्घ स्वर साधतात. एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. त्या काळी चित्रपटगीतांत वाजविणारे बहुसंख्य वादक निनावीच राहिले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे थोर वादक व संगीत संयोजक. पण त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मुळे. शिप्ले-डॅनियल्स यांच्या मुद्रिकांवर मात्र वादकांचीच नावे झळकली. मतभेद खुशाल राहोत. हे ऋण दोन्ही पक्षांनी मानावे.